पट्टी सुटलेला मास्क

मित्रांनो, मी एक जुना मास्क आहे. निदान माझ्या कपाळावर चिकटवलेल्या पट्टीवर 'मास्क' असंच लिहिलंय, म्हणून मीही तसंच सांगतो. पण सांगताना दर वेळी माझा गोंधळ उडतो. मास्क म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कानांना अडकवायची कापडी पट्टी आली असेल. तसा मी नाही. मला दोऱ्या नाहीत, आणि माझ्या अंगाला इतकी भोकं आहेत की धूळ तर सोडाच, मोहरीचा दाणाही आरपार जाईल. मला जाळी म्हणणारे आहेत, साचा म्हणणारे आहेत, पिंजरा म्हणणारेही आहेत. एका आजीबाईंनी मला 'ते खोकं' म्हटलं होतं. आता जाळी असेन तर मी 'झाले' म्हणायचं, साचा असेन तर 'झालो', आणि खोकं असेन तर 'झालं'. इथूनच माझी पंचाईत सुरू होते. शेवटी माझा मीच निकाल लावला आणि 'झालो'वर येऊन थांबलो.

जन्मलो तेव्हा मी मास्क नव्हतोच. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, किरणांनी उपचार करण्याच्या विभागात, खोक्यात रचून ठेवलेल्या चपट्या पांढऱ्या पत्र्यांपैकी मी एक होतो. पत्रा म्हणजे लोखंडाचा नव्हे, एका खास प्लास्टिकचा. गरम पाण्यात घातलं की मऊ पडणारा आणि गार झाला की पुन्हा कडक होणारा. मला ना नाक होतं, ना हनुवटी. त्या काळात माझ्या मनात कसलाही गोंधळ नव्हता, हे मात्र खरं.

त्या विभागात यंत्र चालवणारी एक ताई होती. तिने एके दिवशी एका गृहस्थांना फोन केला आणि सांगितलं, "काका, उद्या अकरा वाजता मास्क बनवायला या." घशात गाठ असलेले ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी अगदी वेळेवर आले. हातात भली मोठी पिशवी. त्यांनी ती टेबलावर रिकामी केली तर आतून अस्वल निघालं, वाघ निघाला, पिकल्या मिशांचा एक राजा निघाला. शिवाय टेप, ब्रश आणि डबाभर खळ. ताई बघतच राहिली.

झालं होतं असं की, काकांचं नाटकाचे पोशाख भाड्याने देण्याचं दुकान होतं आणि कागदाच्या लगद्याचे मुखवटे बनवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. चाळीस वर्षं त्यांना असेच फोन येत. मास्क बनवायला या, दहा अस्वलं हवीत, दोन राक्षस हवेत. त्यांना वाटलं, लहान मुलांच्या वॉर्डात काहीतरी कार्यक्रम असेल. आजार आजाराच्या जागी, काम कामाच्या जागी. ताईने हसू दाबत त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, "काका, मास्क तुम्ही बनवायचा नाही. तुमचा बनवायचाय."

काकांनी वाघ, अस्वल आणि राजा एकेक करून पिशवीत परत भरले. 

मग मला गरम पाण्यात बुडवलं. मी वितळल्यासारखा लोंबू लागलो. ताईने आणि तिच्या सोबतिणीने मला दोन्ही बाजूंनी धरून, आडव्या झोपलेल्या काकांच्या चेहऱ्यावर ताणून बसवलं आणि कडा खालच्या फळीत खटाखट अडकवल्या. दहा मिनिटांत मी गार झालो, आणि काकांचा चेहरा माझ्यात उतरला. मला कपाळ आलं, गालफडं आली. नाकही आलं, मधेच डावीकडे किंचित वळलेलं. काका उठल्यावर त्यांनी मला हातात घेऊन कारागिराच्या नजरेने न्याहाळलं आणि निकाल दिला की काम घाईचं आहे, पण नाक बरोबर घेतलंय. आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक ते. मी हुरळून गेलो.

माझं काम ऐकायला सोपं आहे. किरण गाठीवरच पडायला हवेत, शेजारच्या चांगल्या भागावर नाहीत. त्यासाठी डोकं दोन-तीन मिलिमीटरही हलता कामा नये. माणूस कितीही म्हणाला की मी हलणार नाही, तरी तो हलतोच. म्हणून मी. रोज दुपारी बारा वाजता काका टेबलावर झोपत, मला त्यांच्या चेहऱ्यावर बसवून अडकवत आणि ताई जाड दाराबाहेर जाऊन यंत्र सुरू करी. असं आठवड्यातून पाच दिवस, एकूण तेहतीस वेळा करायचं होतं. मधे खंड पडू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काका हसून म्हणत की रोज माझे बारा वाजतात. पण आत एकटे असले की त्यांची छाती धडधडे, ती मला ऐकू येई. पहिल्याच दिवशी त्यांनी तीनदा हात वर करून यंत्र थांबवायला लावलं. इतरांना मुखवटे चढवता चढवता ज्यांचा जन्म गेला, त्यांना माझ्या आत दम कोंडल्यासारखं होई. मला फार वाईट वाटे. मी कुणाला धरून ठेवावं, ही माझी इच्छा नव्हती. मला तसं बनवलंच होतं.

उरलेला वेळ मी भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला असे आणि बाहेरच्या खोलीतलं बोलणं ऐके. इथेच माझं डोकं, म्हणजे काकांच्या डोक्याचा माझ्याकडे असलेला आकार, भंजाळून गेला. एक नर्स सगळ्यांना सांगे, मास्क नाकावर घ्या. दुसरी ओरडे, ऑक्सिजनचा मास्क आणा. नोंदणीला बसणारी मुलगी मैत्रिणीला सांगत होती की रविवारी अर्धा तास मास्क लावून बसले आणि चेहरा काय उजळला. मी तर रोज काकांच्या चेहऱ्यावर बसत होतो, आणि त्यांच्या कपाळावर माझ्या जाळीचे लाल चौकोन उमटत होते. उजळण्याचं नाव नाही. माझंच काहीतरी चुकतंय, असं मला वाटू लागलं.

एकदा तिथल्या टीव्हीवर एक बाई तावातावाने म्हणाली, अखेर त्यांचा मुखवटा गळून पडला. मी दचकून खुंटीकडे पाहिलं. मी होतो तिथेच होतो. पण बसलेली माणसं ज्या आवाजात "लबाड कुठला" म्हणाली, तो ऐकून मला घाम फुटला असता, फुटत असता तर. म्हणजे मुखवटा हा खोटेपणा असतो? मी काय लपवलं होतं कुणाचं? माझ्यातून तर सगळं आरपार दिसतं.

सगळ्यात मोठा पेच काकांनीच टाकला. उपचार संपला की ते मला ताईच्या हाती देत, आरशात बघून केस सारखे करत आणि म्हणत, "चला, आता मुखवटा चढवायचा आणि घरी जायचं." मी खुंटीवर, काका दाराबाहेर, चेहरा उघडा. मग चढवला तो कुठला?

हळूहळू उलगडा झाला. काकांनी घरी सांगितलंच नव्हतं. काकूंनी आदल्याच वर्षी आपल्या सख्ख्या बहिणीचं असंच दुखणं काढलं होतं. रात्रंदिवस उशाशी बसून शेवटी त्या रिकाम्या हातांनी परतल्या होत्या. आता पुन्हा तेच त्यांच्या वाट्याला नको, म्हणून काकांनी ठरवलं की तेहतीस दिवस पार पडले की मगच सांगायचं. घरी ते म्हणाले, हॉस्पिटलात मास्कचं काम मिळालंय, सहा-सात आठवडे रोज जावं लागेल. बघा, यात एकही शब्द खोटा नाही. आवाज बसला तो खळीच्या वासाने आणि गळ्याशी काळवंडलं ते उन्हाने, एवढ्या दोनच थापा त्यांनी जोडल्या. कपाळावरच्या चौकोनांबद्दल काकूंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, मास्कमुळे. तेही खरंच. ताईला हे मुळीच पटलं नव्हतं. तिने दोनदा स्पष्ट सांगून पाहिलं. पण पेशंटच्या मर्जीपुढे तिचा इलाज चालेना.

इकडे काकूंना मास्क म्हणजे कापडीच वाटले. नवरा रोज दमून येतो, आपणही हातभार लावावा, म्हणून पोशाख शिवून उरलेल्या कापडांतून त्या मुखपट्ट्या शिवू लागल्या. वाघाचे पट्टे, विदूषकाचे ठिपके, राजाच्या अंगरख्याची जरी. रोज दहा-बारा मुखपट्ट्या त्या काकांच्या पिशवीत घालत. काका बिचारे काय करतील? ते येता येता त्या वाटून टाकत. थोड्याच दिवसांत बाहेरच्या खोलीत निम्मी माणसं वाघाच्या तोंडाने बसलेली दिसू लागली. सफाईच्या मावशींना ठिपक्यांची मुखपट्टी मिळाली होती. त्या ती रोज धुऊन घालत.

सोळावा दिवस शुक्रवार होता. त्या दिवशी माझ्या कपाळावरची पट्टी, जिच्यावर काकांचं नाव, नंबर आणि 'मास्क' हा शब्द होता, ओलीने सुटून पडली. ताई म्हणाली, सोमवारी नवी लावू. तिने मला खुंटीवर न ठेवता टेबलावर ठेवलं आणि ती दुसऱ्या पेशंटकडे धावली. आता तिथली रीत अशी होती की ज्यांचे उपचार संपले त्यांच्या जाळीवरची नावाची पट्टी काढून घेत आणि जाळी टाकून देत. मावशींना तर बजावून सांगितलेलं, वापरलेले मास्क पिवळ्या पिशवीत, एकही बाहेर दिसता कामा नये. मावशी कामाला चोख. त्यांनी टेबलावर मला पाहिलं, कपाळ कोरं दिसलं, आणि मला उचलून पिवळ्या पिशवीत टाकलं. त्यांच्या दृष्टीने मी वापरलेला मास्कच होतो. मी स्वतः काय होतो, हे मलाच ठाऊक नसल्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

पिशवीत माझ्यावर कापडी मुखपट्ट्यांचा ढीग, प्लास्टिकचे दोन मास्क आणि माझ्यासारख्याच पट्टी काढलेल्या पाच जाळ्या. सगळ्यांना मास्कच म्हणतात. त्या दोन दिवसांत मला प्रथमच वाटलं की नाव एक असणं आणि एक असणं यात फार अंतर आहे. सोमवारी दुपारी गाडी येऊन पिशव्या घेऊन जाणार होती.

सोमवारी सकाळी ताईला मी सापडेना. तिने कपाटं उघडली, टेबलाखाली पाहिलं, खुंट्या दोनदा मोजल्या. नवा मास्क म्हणजे पुन्हा मोजमाप, पुन्हा आखणी, किमान पाच-सहा दिवसांचा खंड, आणि काकांची गाठ काही तेवढे दिवस हात जोडून थांबणार नव्हती. काका सकाळीच कागद आणायला बाजारात गेले होते, तिथून परस्पर येणार होते. ताईने फोन केला तो दुकानात काकूंनी उचलला. काय बोलावं आणि काय नाही, या धांदलीत ताई एवढंच म्हणाली की काकांचा मास्क सापडत नाहीये. काकू म्हणाल्या, "एकच ना? त्यात काय, घरात ढीग पडलाय. मी घेऊन येते." आणि फोन ठेवला. ताई फोनकडे बघत राहिली, असं ती नंतर सांगत असे.

अकराच्या सुमारास काकू चाळीस मुखपट्ट्यांची पिशवी घेऊन तळमजल्यावर उतरल्या. समोर मावशी लादी पुसत होत्या, तोंडावर विदूषकाचे ठिपके. काकूंनी आपली शिलाई ओळखली आणि कौतुकाने विचारलं, आमचे हे कुठे बसतात, मास्कचं काम करतात ते?

"ते वाघवाले काका?" मावशी म्हणाल्या. "ते इथे कामाला नाहीत हो. बारा वाजताचे पेशंट आहेत ते."

 मावशी सांगत की काकूंनी पिशवी बाकावर ठेवली आणि त्या शेजारी बसल्या. दारावर विभागाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ते त्यांनी तेव्हा वाचलं. बहिणीच्या वेळी असंच दार त्यांनी सहा महिने पाहिलं होतं. तेवढ्यात ताई धावत आली आणि तिने मावशींना विचारलं, टेबलावरची पांढरी जाळी पाहिलीत का, चेहऱ्यासारखी? मावशी फडकं टाकून पिवळ्या पिशव्यांकडे धावल्या.

मागच्या कोठीत पिशव्या उघडल्या गेल्या. हातमोजे घालून ताईने आम्हाला एकेक करून बाहेर काढलं आणि टेबलावर ओळीने मांडलं. सहा जाळ्या, सहाही पांढऱ्या, एकीवरही नाव नाही. मापाने त्यातल्या तीन बाद झाल्या. उरलेल्या तिघांकडे ताई बघत राहिली. यंत्रावर लावून तपासता आलं असतं, पण तीनदा तपासायचं म्हणजे वेळ जाणार, आणि बाहेर पेशंटची रांग लागलेली. तेव्हा मागून काकू पुढे आल्या. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. त्यांनी पहिल्या जाळीवरून बोट फिरवलं, दुसरीवरून फिरवलं. मग माझ्या नाकावर त्यांचं बोट आलं आणि जिथे ते डावीकडे वळतं तिथे थांबलं.

"हे ह्यांचं नाक," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आदल्या आठवड्यात सायकलवरून पडले होते." आणि मला उराशी धरून त्या रडल्या.

मित्रांनो, मी त्या वेळी जेवढा गोंधळलो तेवढा कधीच गोंधळलो नाही. मुखवटा चेहरा झाकतो, असं सगळे म्हणत आले. आणि इथे ज्यांनी उघड्या चेहऱ्याने सोळा दिवस सगळं झाकलं, त्यांचा खरा चेहरा मी दाखवला होता, तोही ते समोर नसताना. मग आमच्यातला मुखवटा कोण?

मला औषधी पाण्याने धुतलं, फळीवर बसवून ताईने खुणा पडताळून पाहिल्या, आणि मी तोच निघालो. नवी पट्टी लागली. बारा वाजता काका आले. खांद्यावर कागदाची गुंडाळी, चेहऱ्यावर नेहमीचं हसू. बाकावर काकू बसलेल्या पाहून ते हसू तसंच थिजलं.

"अगं, तू इथे?"

"तुमचा मास्क द्यायला आले," काकू म्हणाल्या. "हरवला होता."

काका त्यांच्या शेजारी बसले. गुंडाळी मांडीवर घेऊन तिचं टोक उगाच सरळ करत राहिले. काकूंनी विचारलं, किती झाले? सोळा. किती राहिले? सतरा. काकू म्हणाल्या, बरं. मग त्यांनी पदराने काकांचं कपाळ पुसलं, जिथे माझे चौकोन उमटत तिथे, आणि बहिणीचं करताना थकले नाही ती तुमचं करताना थकेन, असं कसं वाटलं, एवढंच विचारलं. काकांनी गुंडाळी त्यांच्या हातात दिली आणि ते उठून आत आले. 

आत टेबलावर मला त्यांच्या चेहऱ्यावर बसवलं तेव्हा मला माझीच फार भीती वाटली, आज यांचा दम पुरताच कोंडणार म्हणून. त्यांची छाती नेहमीपेक्षा जोरात धडधडत होती. दार बंद झालं. हात वर जाणार, असं मला वाटलं, तोच भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला. ताईने काकूंना माइकसमोर बसवलं होतं.

"अहो, हलू नका. मी बाहेरच आहे. नाक खाजलं तरी हलू नका."

काका आतल्या आत हसले. त्यांचे गाल मला टेकले, आणि मग ते असे शांत झाले की मला धरून ठेवण्यासारखं काही उरलंच नाही. पुढचे सतराही दिवस काकू तो माइक सोडायला तयार नव्हत्या. कधी त्या दुकानातल्या गोष्टी सांगत, कधी भांडत. आतून उत्तर देता येत नसल्यामुळे भांडणात रोज त्याच जिंकत.

तेहतिसावा दिवस संपला तेव्हा ताईने माझी पट्टी काढायला हात घातला. काकूंनी तो धरला. आता मी दुकानात असतो, अस्वल आणि राजाच्या मधोमध. काकांचा आवाज थोडा घोगरा राहिला, चेहरा उतरला. त्यांनी एकदा गमतीने मला लावून पाहिलं तर मी सैल झालो होतो. माझ्याकडे त्यांचा आधीचा चेहरा राहून गेलाय. गिऱ्हाइकं विचारतात, हा कशाचा मुखवटा? भुताचा की अंतराळवीराचा? काकू सांगतात, ह्यांचा आहे, भाड्याने देत नाही.

मी अजूनही गोंधळलेलाच आहे. दुकानात मला मुखवटा म्हणतात, पट्टीवर मास्क लिहिलंय, आणि मावशी मधूनच भेटायला येतात तेव्हा जाळी कशी आहे म्हणून चौकशी करतात. पण मित्रांनो, एक मागणं आहे. एखादी वस्तू टाकण्याआधी, ती कुणाची आहे हे एकदा विचारा. आणि घरातलं कुणी म्हणालं की काही नाही, मास्कचे वळ आहेत, तर कुठल्या मास्कचे, हेही विचारा.

आज काकांची तपासणी आहे. दर तीन महिन्यांनी असते. या खेपेला त्यांनी काकूंना बरोबर नेलं नाही, दुकानात मोठं गिऱ्हाईक यायचं होतं म्हणून. पण या वेळी सांगून गेलेत. गिऱ्हाईक येऊन गेलं. काकूंनी मला खुंटीवरून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, वळलेल्या नाकाशी दोनदा पुसलं. मग मला रस्ता दिसेल असं दारापाशी ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "हलू नका. येतीलच."

मी हललेलो नाही.